छत्तीस गुण जुळलेले सर्व्हर

रॅकवाला
काल येथेच एका सभासदाने लिहिले की, "फॉल्ट टॉलरन्ससाठी, म्हणजे एक सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्यावर काम न थांबता चालू राहावे यासाठी, दोन्ही सर्व्हर हुबेहूब सारखे लागतात, ही विक्रेत्यांनी घातलेली भीती आहे, व्हर्च्युअलायझेशनच्या काळात हाती असतील ते दोन सर्व्हर जोडले तरी भागते." मी गप्प बसणार होतो. पण हे वाचून उद्या कोणीतरी तसा प्रस्ताव साहेबांपुढे ठेवील आणि ते निस्तरायला रात्री दोन वाजता आमच्यासारख्यांना बोलावणे येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

लॉकस्टेप यंत्रात दोन्ही बाजूंचे प्रोसेसर एकाच क्षणी एकच आज्ञा चालवतात आणि त्यांची उत्तरे हार्डवेअरच ताडून पाहते. तेथे "जवळपास सारखे" याला अर्थ नाही. अंधेरी एमआयडीसीतील एका कारखान्यात अशा यंत्राची मेमरीची एक पट्टी गेली, तेव्हा एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) माणसाने लॅमिंग्टन रोडवरून तितक्याच क्षमतेची पट्टी आणून बसवली. दोन्हींवर १६ जीबी लिहिलेले होते. तरीही दुसरे मॉड्यूल, म्हणजे यंत्राची दुसरी बाजू, सिंक्रोनाइझ व्हायला काही केल्या तयार होईना. शेवटी मी दोन्ही पट्ट्या बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात स्टिकर वाचले, तर जुनीवर "१आरएक्स४" होते आणि नवीवर "२आरएक्स८", म्हणजे क्षमता तीच, पण आतल्या चिपांची मांडणी वेगळी. तेवढ्या फरकापायी तो कारखाना पाच दिवस एकाच मॉड्यूलवर चालला. प्रोसेसरचे स्टेपिंग (त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती), बायोस, कंट्रोलरचे फर्मवेअर या सगळ्याला हीच शिस्त लागते.

हिशेबी
ज्या सभासदाचा आपण समाचार घेतला आहे, तो मीच. आपला किस्सा खरा असेल, पण आपण अपवादाला नियम करून मांडत आहात. शुद्ध लॉकस्टेपची यंत्रे आज किती कार्यालयांत आहेत? व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्या फॉल्ट टॉलरन्सचेच पाहा. २००९ साली तो आला तेव्हा रेकॉर्ड आणि रिप्ले पद्धतीचा (पहिल्या बाजूचे काम नोंदवून दुसरीवर तसेच पुन्हा चालवण्याचा) होता आणि एका व्हर्च्युअल प्रोसेसरपलीकडे जात नव्हता. २०१५ साली त्याच कंपनीच्या व्हीस्फीअर ६.० मध्ये ती पद्धत सोडून चेकपॉइंटिंग आले. आता दुसरी बाजू प्रत्येक आज्ञा पुन्हा चालवत बसत नाही, तिला केवळ बदललेली स्थिती पाठवली जाते. इंटेल आणि एएमडी यांची सरमिसळ करू नये, हे मलाही ठाऊक आहे. एकाच घराण्यातल्या दोन पिढ्यांसाठी मात्र व्हीएमवेअरचीच ईव्हीसी ही सोय आहे, जी नव्या प्रोसेसरला जुन्याच्या पातळीवर आणून ठेवते.

आता माझे खरे दुखणे सांगतो. आमच्याकडे खरेदी एल-१ पद्धतीने, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून, होते. चार वर्षांनी जोडीतला एक सर्व्हर कायमचा गेला, तर तेच मॉडेल बाजारात मिळत नाही, आणि विक्रेता हसतमुखाने सांगतो, "साहेब, नवी जोडीच घ्या." चालू अवस्थेतला सर्व्हर भंगारात काढायला लावणाऱ्या या सल्ल्याला तुम्ही शिस्त म्हणा, मी त्याला धंदा म्हणतो.

रॅकवाला
चेकपॉइंटिंगचे कौतुक करताना आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. चेकपॉइंट पोहोचल्याची पोच दुसऱ्या बाजूकडून येईपर्यंत पहिली बाजू आपले बाहेर जाणारे पॅकेट रोखून धरते. दुसरी बाजू मंद असेल, किंवा त्या कामासाठी वेगळी १० गिगाबिटची लिंक दिलेली नसेल, तर वापरणाऱ्याला पहिली बाजूच मंद वाटते. बैल आणि रेडा एका जुवाला जुंपले की नांगर रेड्याच्या चालीनेच चालतो. खरेदी खात्यावरचा आपला राग रास्त आहे. तो हार्डवेअरवर काढू नका.

तिसरी पाळी
आपण दोघेही एका गोष्टीला हात लावायचे टाळत आहात. हुबेहूब सारख्या वस्तू हुबेहूब एकाच वेळी मरतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींसाठी (सर्व्हरमधल्या डिस्कांसाठी) तातडीची सूचना काढली होती. फर्मवेअर बदलले नाही, तर ती डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडणार होती आणि तिच्यातला डेटाही परत मिळणार नव्हता. हे तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. आता तुमची आदर्श जोडी डोळ्यांपुढे आणा: एकाच लॉटच्या डिस्का, एकाच दिवशी चालू केलेल्या, दोन्ही बाजूंना तेच फर्मवेअर. दोन्ही बाजूंना तोच डेटा ठेवणाऱ्या मिररचा उपयोग काय, तर दोन्ही प्रती एकाच तासाला जातील.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ या रॉकेटचे पहिले उड्डाण याच दुखण्याने फसले. मार्गदर्शनाचे दोन संगणक होते, हार्डवेअर तेच आणि सॉफ्टवेअरही तेच. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही, म्हणून राखीव संगणक आधी बंद पडला आणि ७२ मिलिसेकंदांनी मुख्य संगणकही त्याच कारणाने बंद पडला. चिन्हांकित (अधिक-उणे धरणाऱ्या) १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढे जागा नसते. वरचा डिस्कचा आकडा पुन्हा एकदा पाहा. याउलट बोइंग ७७७ च्या उड्डाण नियंत्रणात तीन संगणक आहेत आणि प्रत्येकात इंटेल, मोटोरोला व एएमडी अशा तीन वेगळ्या घराण्यांचे प्रोसेसर जाणूनबुजून बसवलेले आहेत.

रॅकवाला
ताई, आपल्या कार्यालयात बोइंग उभे करण्याइतके बजेट मंजूर होत असेल, तर अभिनंदन. आमच्याकडे नव्या पॅच कॉर्डसाठीही तीन सह्या लागतात.

डिस्कपुरते आपले म्हणणे मान्य करतो, तेही नाइलाजाने, कारण अशी एक रात्र मीही काढली आहे. मात्र वेगळी कंपनी घेताना सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणुकीचे कप्पे, मोजून घ्या. "४ टीबी" लिहिलेली बदली डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली आणि कंट्रोलरने ती रीबिल्डसाठी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा भरायला, घेतलीच नाही, हेही मी पाहिले आहे.

चाकरमानी
प्रोसेसरची कुंडली जुळली, मेमरीचे गोत्र जुळले, छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले. आता एवढेच सांगा की, दोन्ही सर्व्हरच्या पॉवर कॉर्ड कोठे जातात? मी इमारतीच्या विजेचे काम पाहतो. दहापैकी सात रॅकमध्ये निळा पीडीयू आणि लाल पीडीयू असे वीज वाटणारे दोन बोर्ड दिमाखात लावलेले असतात, आणि केबलचा माग काढत खाली गेले की दोन्ही एकाच यूपीएसच्या एकाच आउटपुट पॅनेलला मिळतात.

हिशेबी
हा मुद्दा येथे गैरलागू आहे. चर्चा सर्व्हरच्या निवडीची चालली आहे. शिवाय "दहापैकी सात" हा आकडा आपण कोठून आणला?

चाकरमानी
माझ्या डोळ्यांनी आणला. गैरलागू म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण वीज गेल्यावर सर्व्हरची निवड कोणी विचारत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कलिन्याजवळच्या एका इमारतीत कामाला होतो. चौथ्या मजल्यावर सर्व्हरची सुरेख जोडी होती, कोरडी ठणठणीत. जनरेटर गच्चीवर होता, म्हणून सगळे निर्धास्त होते. मात्र त्याचे डिझेल वर चढवणारा पंप आणि पुरवठा जनरेटरवर वळवणारे चेंजओव्हर पॅनेल ही दोन्ही तळघरात होती. संध्याकाळपर्यंत तळघरात छातीइतके पाणी साचले आणि गच्चीवरचा जनरेटर नुसता शोभेला उरला.

आणि यूपीएस दोन असले तरी हिशेब चुकतोच. ३२ अँपिअरच्या दोन फीडवर (वीज आणणाऱ्या वाहिन्यांवर) २०-२० अँपिअर भार असेल, तर डिस्प्लेवर सगळे हिरवेगार दिसते. एक फीड गेला की दुसऱ्यावर ४० येतात आणि तोही ट्रिप होतो. आपली दोन पॉवर सप्लायची चैन तेथेच संपते.

हिशेबी
हे शाळेतल्या मुलालाही कळते. प्रत्येक फीड निम्म्याच्या आत ठेवायचा असतो.

चाकरमानी
मग शेवटचे कधी मोजले होतेत, ते सांगा. केबलला क्लॅम्प मीटर लावून प्रत्यक्ष प्रवाह मोजून, डिस्प्ले वाचून नव्हे.

हिशेबी
मोजणे हे माझे काम नाही.

तिसरी पाळी
म्हणजे शाळेतल्या मुलालाच बोलवावे लागेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हाही आमच्याकडे प्रत्येक जण हेच म्हणत होता की, ते आपले काम नाही. जोडीतले दोन्ही सर्व्हर एकाच मिनिटाला झोपले. निदान त्या बाबतीत तरी ते हुबेहूब सारखे निघाले.

रॅकवाला
चर्चा इतकी खाली तळघरात जाईल, असे धागा काढताना वाटले नव्हते. चिडून आज दुपारी महापेला गेलो, केवळ चाकरमानी यांना खोटे पाडायचे म्हणून. फॉल्स फ्लोअरच्या (केबल झाकणाऱ्या उंच फरशीच्या) सहा टाइल उचलून दोन्ही पीडीयूंच्या केबलचा माग काढला. त्या वेगवेगळ्या यूपीएसकडे जातात, हे येथे जाहीरपणे नोंदवतो.

त्याच वेळी एक गोष्ट दिसली, तीही नोंदवणे भाग आहे. माझ्या जोडीतल्या पहिल्या सर्व्हरच्या दोन्ही कॉर्ड निळ्या पीडीयूत होत्या आणि दुसऱ्याच्या दोन्ही लाल पीडीयूत, म्हणजे एक फीड गेला की एक सर्व्हर पुरताच बंद. कोणी लावल्या ते मला ठाऊक आहे, कारण त्यावरच्या लेबलांचे अक्षर माझेच आहे. शनिवारच्या चेंज विंडोत (बदलांसाठी ठरवलेल्या वेळेत) त्या बदलतो आहे आणि दुसऱ्या बाजूसाठी वेगळ्या लॉटच्या डिस्काही मागवल्या आहेत. प्रोसेसर मात्र त्याच स्टेपिंगचे राहतील.

चाकरमानी
निळा फीड निम्म्याच्या आत आहे का?

रॅकवाला
क्लॅम्प मीटर शनिवारी घेऊन जाणार आहे.