व्हीआरच्या तासाला लीडरबोर्ड लावला आणि पोरं एकमेकांना मदत करेनाशी झाली

परळची_बाई:
नववीला सायन्स शिकवते. शाळेला व्हीआर हेडसेट मिळालेत, डोळ्यांवर चढवले की समोरच्या चित्रात आत उभं असल्यासारखं वाटतं, चार-चार जण एकत्र हृदयाच्या मॉडेलमध्ये शिरतात, झडपा ओळखायच्या, रक्ताचा मार्ग लावायचा. आधी नुसता कल्ला असायचा, "अगं इकडे ये, हे बघ!" मग अ‍ॅपमधला लीडरबोर्ड, म्हणजे कोणाचे किती पॉइंट्स ते दाखवणारी यादी, चालू केला आणि सगळे चिडीचूप. काल एका मुलीला त्रिदली झडप सापडेना, शेजारचा मुलगा समोर उभा राहून बघतोय पण सांगत नाही, कारण सांगितलं तर तिचे पॉइंट्स वाढणार. मला फार वाईट वाटलं. पण पॉइंट्स काढले तर काहींचा उत्साहच जातो. काय करावं?

गोरेगाव_गेमवाला:
मॅडम, पॉइंट्स ठेवा पण ग्रुपला द्या, आणि माहिती वाटून टाका. एकाला हृदयाची उजवी बाजू, दुसऱ्याला डावी, तिसऱ्याकडे झडपांची नावं, चौथा हेडसेट न घालता कागदावर मार्ग काढणार. उजवीवाल्याने "रक्त फुप्फुसात गेलं" म्हटल्याशिवाय डावीवाल्याचं काम सुरूच होत नाही, मग बोलावंच लागतं ना. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत हेच केलेलं, तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आलेली आणि भांडणं चालू होती, त्याने धड्याचा एकेक भाग एकेकाला दिला. जिगसॉ म्हणतात त्याला, वाचा नक्की.

मुलुंडची_आई:
बॅज किंवा बक्षीस कधी देता तेही बघा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे, चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं तर नंतर मोकळ्या वेळात त्यांनी चित्रं कमी काढली, ज्यांना न सांगता दिलं त्यांचं तसं झालं नाही. म्हणून आधी जाहीर करू नका, कोणी कोणाला छान समजावलं की तिथल्या तिथे अख्ख्या ग्रुपला द्या.

परळची_बाई:
हे पटलं, थँक्यू दोघांनाही. पण कागदवाल्याला आपण बाहेर पडलो असं नाही वाटणार?

दादर_बीएड:
वाटतं, म्हणून शेवटचं उत्तर सबमिट करायचा हक्क त्यालाच द्या, आणि दर तासाला कामं फिरवा. हेडसेट घालून ज्यांना गरगरतं त्यांना हेच काम मिळू दे, नाहीतर ती पोरं कोपऱ्यात बसून राहतात. आणि ग्रुप तुम्हीच पाडा, त्यांच्यावर सोडलं तर रोजचे दोस्तच एकत्र येतात आणि एकटं पडणारं पोर आत गेल्यावरही एकटंच फिरतं.