क्लिअरन्समधला ६०० व्हीए यूपीएस घ्यावा का? (कोथरूड, बजेट अडीच हजार)

कर्वे_पुतळा

डेस्कटॉपसाठी यूपीएस घ्यायचाय. आय-फाइव्ह, ग्राफिक कार्ड नाही, २४ इंची मॉनिटर, शिवाय फायबरचा राउटर. आमच्याकडे लाइट तासन् तास जात नाही, दोन-चार सेकंदच जाते, पण तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं. गुरुवारच्या शटडाउनसाठी बॅकअप नकोय, तेव्हा बंदच ठेवतो.

एका मोठ्या साखळी दुकानात ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस १,८९९ ला आहे, वर क्लिअरन्सचं स्टिकर. तिथलाच डिस्प्ले पीस आणखी तीनशेनं कमी. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ब्रँडप्रमाणे २,२०० ते ३,५०० सांगतायत. ६०० पुरेल का, क्लिअरन्सवाला घ्यावा का, आणि दुकानात नेमकं काय तपासायचं? "चांगल्या कंपनीचा घ्या" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या.

मल्टिमीटर

६०० पुरेल. पण खोक्यावरचा व्हीएचा आकडा सोडा, वॅट बघा. ६०० व्हीएच्या चांगल्या यूपीएसवर ३६० वॅट लिहिलेलं असतं, काहींवर ३०० किंवा त्याहून कमी. वॅटचा आकडाच छापलेला नसेल तर तो यूपीएस ठेवून द्या.

तुमचं मशीन साध्या कामाला ६० ते १०० वॅट घेईल, मॉनिटर २०-३०, राउटर दहाच्या आसपास. म्हणजे सगळं मिळून नव्वद ते एकशे चाळीस. आत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवरची) एकच एसएमएफ, म्हणजे पाणी न घालावी लागणारी सीलबंद, बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-अवर, पण लेड-ॲसिड बॅटरीतून इतक्या वेगानं करंट ओढला की निम्मीच क्षमता हाती लागते, वर इन्व्हर्टर सर्किटमध्येही थोडी जाते. नव्या बॅटरीवर १०० वॅटला साधारण वीस मिनिटं, २०० ला सात-आठ, ३०० च्या वर तीन-चार. काम सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढा वेळ भरपूर झाला.

१००० किंवा ११०० व्हीए कोणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा. त्यात बहुतेकदा दोन बॅटऱ्या असतात, म्हणजे दोन-तीन वर्षांनी त्या बदलायचा खर्चही दुप्पट. ग्राफिक कार्ड असतं तर वेगळी गोष्ट.

तपकीर_गल्ली_नियमित

क्लिअरन्सबद्दल मी सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

यूपीएस म्हणजे सर्किट आणि बॅटरी. सर्किट गोदामात दोन वर्षं पडून राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. बॅटरीचं बिघडतं. एसएमएफ बॅटरी नुसती ठेवली तरी २५ अंशांना महिन्याला साधारण तीन टक्के उतरते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गोदामात काय होत असेल, हिशोब करा. सहा महिन्यांत एकदा तरी चार्ज करायची असते, पण खोक्यात सीलबंद माल कोण चार्ज करतो? उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि मग चार्जर कितीही वेळ लावा, क्षमता परत येत नाही.

म्हणून पहिलं काम: खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष. वेष्टनावर तो छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, एमआरपीच्या आसपासच सापडतो. सहा महिन्यांच्या आतला असेल तर बिनधास्त घ्या. वर्षाच्या आसपासचा असेल तर चालवून दाखवायला लावा. दीड-दोन वर्षांपूर्वीचा असेल तर त्यातली बॅटरी मेली असं धरूनच भाव करा. नवी ७ एएचची चांगल्या कंपनीची बॅटरी हजार-बाराशेला पडते. म्हणजे तुमचा १,८९९ चा यूपीएस २,९०० ते ३,१०० चा झाला. त्या पैशात गल्लीत ताजा माल येतो. तोच क्लिअरन्सवाला हजार-अकराशेला मिळाला, तर सर्किट स्वस्तात पडलं म्हणून घ्यायला हरकत नाही.

डिस्प्ले पीसचा प्रश्न आणखी किचकट. सतत लाइटला जोडून चालू ठेवलेला असेल तर बॅटरी निदान चार्ज तरी राहिली, वय झालं एवढंच. नुसताच फळीवर सजवून ठेवलेला असेल तर तो सीलबंद जुन्या मालासारखाच. ओळखायला सोपं आहे: मागची वायर सॉकेटमध्ये आहे का बघा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरणार का, हे आधीच विचारा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत बॅटरी धरली आहे का, आणि माणूस घरी येणार की यूपीएस उचलून सर्व्हिस सेंटरला आपणच न्यायचा, हेही विचारा.

मल्टिमीटर

वरच्यांना दुजोरा. दुकानातली तपासणी अशी करा.

मागची वायर काढलेली असताना यूपीएसचं बटण दाबा. बहुतेक मॉडेल लाइट नसतानाही चालू होतात. नव्या पीसमध्ये कधीकधी बॅटरीची लाल वायर मुद्दाम काढून ठेवलेली असते, तेव्हा "हा मेलाय" म्हणायच्या आधी ती जोडायला सांगा. मग १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लावा. ९ वॅटच्या एलईडीवर चाचणी करून दाखवतील तर हसून नकार द्या, त्यावर अर्धमेली बॅटरीसुद्धा मस्त चालते. १०० वॅटवर पाच मिनिटं अखंड चालला पाहिजे, आणि बल्बचा उजेड मिनिटागणिक उतरता कामा नये.

मीटर असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. बराच वेळ चार्जिंगवर नसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवत असेल तर उत्तम. १२ च्या खाली असेल तर हात जोडा. लाइट चालू असताना मोजू नका, तेव्हा चार्जरचेच १३.५ ते १३.८ दिसतात आणि मेलेली बॅटरीसुद्धा टुणटुणीत वाटते. बल्ब लावल्यावर ११.५ च्या वर टिकली पाहिजे. एकदम १० च्या घरात कोसळली की बॅटरी गेली समजायचं.

आणखी एक. खोक्यावर किंवा यूपीएसच्या अंगावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो, आर आणि आठ आकडे. इतक्या छोट्या यूपीएसना ही नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १६२४२. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. अनोळखी ब्रँड वाईटच असतो असं नाही, पण हा नंबर नसेल तर प्रश्नच मिटला.

पेठेतला_इलेक्ट्रिशियन

सगळे यूपीएस विकायला निघालेत. आधी एक सांगा, घरात इन्व्हर्टर आहे का? कोथरूडच्या निम्म्या फ्लॅटमध्ये असतो आणि कॉम्प्युटरच्या पॉइंटला जोडलेला नसतो.

कर्वे_पुतळा

आहे की. पण फक्त दिवे-पंख्यांना. मित्राच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर होता, तर तो लाइट जाताना रीस्टार्टच व्हायचा, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

पेठेतला_इलेक्ट्रिशियन

तो नॉर्मल मोडवर असणार. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असा स्विच असतो. काहींवर नॉर्मललाच ईको म्हणतात. नॉर्मलवर लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत ४० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) त्याच्या कपॅसिटरवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडवर हा वेळ १०-२० च्या आसपास येतो. म्हणजे काही मशीन टिकतात, काही नाही. स्वतंत्र यूपीएसमध्ये ४ ते १०, म्हणून तिथे अडचण येत नाही.

तेव्हा आधी फुकटचा प्रयोग करा. स्विच यूपीएसवर टाका, दिव्यांच्या सॉकेटमधून तात्पुरती एक्स्टेंशन घ्या, मशीनवर काहीही महत्त्वाचं उघडं न ठेवता इन्व्हर्टरचा मेन बंद-चालू करून बघा. पाच-सहा वेळा टिकला तर इलेक्ट्रिशियनकडून एक वायर ओढून घ्या, यूपीएस नकोच.

दोन अडचणी सांगून ठेवतो. यूपीएस मोडवर इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या मधलीच लाइट स्वीकारतो, नॉर्मलवर त्याची झेप बरीच मोठी असते. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर तो वारंवार बॅटरीवर जाईल. दुसरं, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहर देणारा, जुना इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्युटर त्याला लावूच नका. आणि त्याच्यामागे वेगळा यूपीएस जोडलात, तर यूपीएसला ती लाइट खराब वाटते, टकटक करत तो स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि वीस मिनिटांत झोपतो. मग लोक यूपीएसला शिव्या घालतात.

हडपसर_रात्रपाळी

वेव्हचा विषय निघालाच आहे तर: अडीच हजाराच्या आतले यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या लाइटसारखी गुळगुळीत लहर) देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. साध्या एसएमपीएसला काही फरक पडत नाही. ॲक्टिव्ह पीएफसीवाला, म्हणजे ८० प्लसचा शिक्का असलेला असेल, तर काही जोड्यांमध्ये लाइट जाताक्षणी मशीन बंद पडतं. यूपीएस आणि एसएमपीएस दोन्ही धडधाकट असूनसुद्धा. हे आधी सांगता येत नाही, लावूनच बघावं लागतं. म्हणून बदलून देणाऱ्या दुकानातून घ्या. मोठ्या दुकानात दोन-तीनशे जास्त द्यायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे, बाकी त्यांच्या एसीचे पैसे आपण का भरायचे?

राउटर या यूपीएसवर लावू नका. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस हजार-दीड हजारात येतो. आत लिथियम सेल असतात, तीन-चार तास सहज निघतात. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, पिनचा आकार जुळतोय का आणि मधली पिन प्लस आहे का बघा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिलेत तर राउटर गेलाच.

कर्वे_पुतळा

इन्व्हर्टरचा प्रयोग करतो. तो फसला तर यूपीएस. एक शंका: तारीख जुनी निघाली आणि भाव पाडून घेतलाच, तर बॅटरी घरी बदलता येते का? आणि सातऐवजी मोठी टाकली तर?

तपकीर_गल्ली_नियमित

येते, स्क्रू ड्रायव्हर पुरतो. पण सील तोडलं की वॉरंटी जाते, तेव्हा बॅटरीसाठी खालचं झाकण सरकणारं मॉडेल असेल तर बरं.

यूपीएस बंद करा, वायर भिंतीतून काढा, मगच उघडा. आधी काळी वायर काढा, मग लाल. लावताना उलट, लाल आधी. टर्मिनलला स्क्रू ड्रायव्हर आडवा लागू देऊ नका, ७ एएचची बॅटरी एवढीशी दिसली तरी शॉर्ट झाली की वायर वितळवते. नवी घेताना जुनी सोबत न्या, किंवा माप लिहून न्या: १५१ लांब, ६५ रुंद, ९४ मिलिमीटर उंच. टर्मिनलच्या पट्ट्या दोन रुंदीच्या येतात, ४.८ आणि ६.३५ मिलिमीटर. चुकीची आणलीत तर क्लिप एक तर सैल बसते किंवा बसतच नाही. सैल बसलेली जास्त वाईट, तिथे ठिणगी पडते आणि क्लिप जळते.

याच मापात ९ एएच मिळते, ती टाका, चार्ज व्हायला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच. त्यापुढे जाऊ नका. बाहेरून ४२ एएचची किंवा गाडीची बॅटरी जोडून "दोन तास बॅकअप" करून देणारे भेटतील. आतला चार्जर एखाद्या अँपिअरचा, तो ती कधी भरणारच नाही. आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पंधरा-वीस मिनिटांच्या हिशोबानं दिलेला असतो, तासभर चालवलात की मॉसफेट (आतले पॉवर ट्रान्झिस्टर) उडतात.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. जुनी बॅटरी परत दिली की शिश्याचे थोडे पैसे वळते होतात, मागून घ्या, स्वतःहून कोणी देत नाही. आणि बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. जुना छापील दर दाखवून त्यावर "डिस्काउंट" देणाऱ्याला याची आठवण करून द्या.

मल्टिमीटर

आणल्यावर पहिल्या दिवशी मशीन न लावता सहा-आठ तास चार्ज करा. टेबलाखाली भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे कोंबू नका, उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं. दर दोन-तीन महिन्यांनी सगळं सेव्ह करून एकदा भिंतीतला स्विच बंद करून किती मिनिटं चालतो ते बघत जा. पहिल्या वेळच्या निम्म्यावर आलं की नवी बॅटरी सांगून ठेवा.

कर्वे_पुतळा

लेझर प्रिंटर आहे, तो लावला तर चालेल ना? छपाई क्वचितच असते.

पेठेतला_इलेक्ट्रिशियन

अजिबात नाही. त्यातला हीटर तापताना क्षणभर आठशे-हजार वॅट ओढतो, ३६० वॅटचा यूपीएस लांब बीप देऊन बंद होईल आणि सोबत तुमचं मशीनही. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर.