आगरदांड्याहून खाडीमार्गे कुडा लेणी : भरती कोणती धरायची?

सड्यावरचा
आम्ही चौघं, हवा भरायच्या दोन कयाक. डिसेंबरात रायगड जिल्ह्यातल्या आगरदांड्याहून राजपुरी खाडीत शिरून मांदाडच्या अंगाला कुडा लेण्यांपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, असा बेत आहे. भरती कोणती धरावी? उतरायचं कुठे? आणि लाओसच्या व्हिडिओंत दिसतात तसे नदीकाठचे चुनखडीचे कडे नि पाण्याने कोरलेल्या गुहा कोकणात कुठे आहेत का?

तिवर
आधी तिथी बघा, मग रजा टाका. जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा : द्वादशीला ९ वाजता पूर्ण भरती, त्रयोदशीला पावणेदहाला, अष्टमीला ६ ला. हा अंदाज झाला. नेमकी वेळ तक्त्यातून घ्या. खाडीत आत पाणी मुखापेक्षा उशिरा भरतं, तेही धरा.

तुम्हाला त्रयोदशीच्या आसपासचा दिवस सोयीचा. उजाडताच ७ ला पाण्यात उतरलात तर भरती मागून ढकलत नेईल. मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, समोरून येईल, पण सकाळी तिचा फार त्रास नसतो. लेणी बघून ११ पर्यंत परत फिरा. ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण पाण्याचा जेमतेम बारावा हिस्सा उतरतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं. त्या दोन तासांत काठाशी रेंगाळलात की कयाक चिखलावर बसलीच म्हणून समजा.

उशीर न करण्याचं दुसरं कारण वारा. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून चढतो, तुम्ही ओहोटीबरोबर पश्चिमेलाच जात असता. पाणी एकीकडे, वारा उलटा, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. हवेची कयाक हलकी. तोंड फिरतं आणि वल्ह्याचे निम्मे हात तिला सरळ ठेवण्यातच जातात. जड सामान पुढच्या टोकाकडे सरकवलं तर थोडं सुसह्य होतं.

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ओढ कमी, पण काठाचा चिखल पुरता झाकत नाही. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला पाणी भरपूर, मात्र उतरतानाची ओढ जबरदस्त. डोलीच्या, म्हणजे मासेमारीच्या जाळ्याच्या, खुंटांपासून लांबच राहा. ओहोटीत कयाक खुंटाला आडवी लागली तर पाणी तिला तिथेच दाबून धरतं आणि वरच्या बाजूने आत शिरतं. लागलीच तर अंग खुंटाकडे झुकवा. माणूस घाबरून उलटीकडे कलतो, आणि तिथेच ती पालथी होते.

दगडगोटा
चुनखडीचं आधी मिटवू. रायगड-रत्नागिरीचा किनारा म्हणजे खाली बेसॉल्ट, वर सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पठारांवर, जांभा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत नेतं. भेगेची नाळ होते, नाळेची गुहा. बेसॉल्ट असा विरघळत नाही. म्हणून इकडे बांधकामाचा चुनासुद्धा शिंपले भाजून करत. तसे कडे बघायचे तर लाओसची कोंग लोर : नाम हिनबून नदी डोंगराच्या पोटातून ७ किलोमीटरहून जास्त वाहते, होडी आतून आरपार जाते. उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की मध्येच उतरून होडी ओढावी लागते. आपल्याकडे चुनखडीच्या गुहा हव्यात तर मेघालय.

कुड्याची लेणी माणसाने छिन्नीने खोदलेली, बौद्ध, २६. ती पाण्याकाठी नाहीत, टेकडीवर चढून जावं लागतं. दोन थर आहेत. वेळ कमी असेल तर खालच्या थरातलं ६ क्रमांकाचं गाठा. दर्शनी हत्ती आणि नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती तिथेच आहेत. शिलालेख वाचायचे तर ऊन तिरपं हवं, भर दुपारी अक्षरं सपाट दिसतात.

सड्यावरचा
आभार. चिखल आणि मोहोळ यांबद्दल कोणी सांगेल का? शिवाय हाच खेळ पुढे सावित्री नदीत करावा म्हणतो.

कालवंवाली
तिवरांत घुसून वाट काढू नका. गावच्या होड्या लागतात तिथेच लागा, आधी विचारून. चपला, सँडल चिखलात राहतात, नाडीचे कॅनव्हासचे बूट घाला. गुडघ्यापर्यंत रुतलात तर जोराने पाय उपसू नका, दुसरा आणखी खोल जातो. कयाकवर छाती टेकून वजन तिच्यावर टाका आणि एकेक पाय आडवा, सावकाश सोडवा.

दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. कयाक दगडावरून ओढलीत तर तळ चिरलाच. दोघांनी उचलून न्या. पॅच, गोंद आणि पंप दोन्ही कयाकमध्ये वेगवेगळे ठेवा. काठावर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडा, तापली की शिवण उसवते.

लेण्यांत मोहोळ असेल तर धूर, अत्तर, फ्लॅश, आरडाओरडा काही नको. घोंघावणं वाढलं की आल्या वाटेने खाली.

सावित्रीत महाडकडच्या भागात आणि वाशिष्ठी नदीत चिपळूणकडे मगरी आहेत. तिथे हवेची कयाक नकोच, गावातली मोठी होडी आणि माहीतगार तांडेल (होडी चालवणारा) घ्या. इथेही निघण्याआधी जेटीवर सांगून जा : किती जण, कुठवर, परत कधी. लाइफ जॅकेट अंगात हवं, कयाकला बांधलेलं नको. माणशी ३ लिटर पाणी.