मामांच्या फ्लॉपीतली तसली चित्रं ऑनलाइन टाकावीत का? जुने बीबीएस आणि कॉपीराइट

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझे मामा १९८९ ते ९५ अमेरिकेत नोकरीला होते, परत येताना एक ट्रंक भरून फ्लॉप्या घेऊन आले. २०१९ च्या पुरात आमच्या गणपती पेठेतल्या घराचा खालचा मजला गेला पण ही ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. गेल्या महिन्यात जुना ड्राइव्ह मिळवला आणि एकेक फ्लॉपी वाचायला घेतली, निम्म्याहून जास्त अजून चालतात. बीबीएसचे मेनू, अक्षरांनी काढलेली रंगीत चित्रं, छोटे गेम, लोकांच्या गप्पा आणि भांडणं टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह केलेली, आणि साधारण तीनशे जीआयएफ, म्हणजे चित्रांच्या फाइल. आता स्पष्टच सांगतो, त्या जीआयएफ म्हणजे बहुतेक मोठ्यांच्या मासिकातून स्कॅन केलेले बायकांचे फोटो आहेत.

ज्यांनी बीबीएस (बुलेटिन बोर्ड सिस्टिम) पाहिलंच नाही त्यांच्यासाठी: इंटरनेट घरोघरी यायच्या आधी एखादा माणूस आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला मोडेम आणि फोनलाइन जोडून ठेवायचा, तुम्ही त्या नंबरला आपल्या मोडेमनं फोन लावायचा, मग निरोप लिहा, फाइल चढवा, फाइल उतरवा. पहिलं १९७८ मध्ये शिकागोला सुरू झालं. मालकाला सिसॉप म्हणायचे.

मला या सगळ्याची एक साइट करायची आहे, मराठीत माहिती लिहून. त्यावरून आमच्यात आयर्विन पुलाजवळ चहाच्या गाड्यावर दोन तास वाद झाला. एक मित्र म्हणतो सगळं टाक, तीस वर्षं झाली, असल्या चित्रांना कसला आलाय कॉपीराइट. दुसरा म्हणतो एकही टाकू नकोस. आणि गंमत म्हणजे मामांच्या टेक्स्ट फाइलमध्ये हेच भांडण आहे! एक जण लिहितो की मासिक मी विकत घेतलं, स्कॅनर माझा, फोनचं बिल मी भरतो, मग चोरी कसली? दुसरा त्याला म्हणतो की मासिक तुझं आहे, फोटो तुझा नाही. तर खरं कुणाचं? आणि जबाबदार कोण, चढवणारा की ठेवणारा?

---

जुना_मोडेम

वालचंदमधून पास होऊन मी पण त्याच काळात तिकडं होतो, तुमच्या मामांसारखाच, त्यामुळं हे वाचून सगळं डोळ्यासमोर आलं. आता विश्रामबागेत असतो.

आधी एक समजून घ्या की ती चित्रं एवढी का फिरायची. जीआयएफ १९८७ ला कॉम्प्युसर्व्हनं काढलं, २५६ रंग, फाइल लहान. तरी दीडशे केबीचं एक चित्र सेकंदाला २४०० बिट्सच्या मोडेमवर उतरवायला दहा मिनिटांच्या वर लागायचे, आणि मध्येच कुणी घरातला दुसरा फोन उचलला की गेलं. एका फ्लॉपीवर अशी नऊच चित्रं बसायची. एवढा खटाटोप कोण करेल? तर बऱ्याच बीबीएसवर नियम असायचा की तुम्ही काही चढवलंत तरच तुम्हाला जास्त उतरवता येईल. माणसाकडं स्वतःचं चढवण्यासारखं काय असणार, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम थोड्यांकडंच. मग मासिक घ्यायचं, स्कॅन करायचं, चढवायचं. म्हणजे ही नुसती हौस नव्हती, त्या नियमामुळं लोक स्कॅन करत होते. आणि सिसॉप वर्गणी घ्यायचा, लोक वर्गणी त्या चित्रांसाठीच भरायचे. त्यामुळं "कुणी पैसे कमावत नव्हतं" हे जे म्हणतात ना ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

फ्लोरिडाची केस मुद्दाम सांगतो. जॉर्ज फ्रेना म्हणून एक जण टेक्स वेअरहाऊस नावाचं बीबीएस चालवायचा. प्लेबॉयनं त्याच्यावर दावा लावला, १७० चित्रं त्यांच्या मासिकातली निघाली. हा म्हणाला मी एकही चढवलं नाही, सभासदांनी चढवली, मला समन्स आल्याबरोबर मी काढून टाकली. डिसेंबर १९९३ मध्ये कोर्टानं सांगितलं की तुला माहीत होतं का नव्हतं याचा प्रश्नच नाही, तुझ्या मशीनवरून वाटली गेली, तू जबाबदार. आम्ही सगळे हादरलो होतो, कारण ओळखीतल्या एकदोघांनी घरात बीबीएस ठेवलं होतं.

मला तो निकाल अर्धा चूक वाटतो आणि अर्धा बरोबर. न बघता जबाबदार धरणं चूक, रात्री दोनला कुणी काय चढवलं हे झोपलेल्या माणसाला कसं कळणार. पण त्याच केसमध्ये काही चित्रांवरचा प्लेबॉयचा मजकूर काढून तिथं फ्रेनाचं नाव, बीबीएसचं नाव आणि फोन नंबर टाकलेला होता, हे कुणी सांगत नाही! दुसऱ्याच्या फोटोवर आपल्या दुकानाची पाटी. ते झोपेत होत नाही.

---

थेट_मिरजेतून

काका तुमचा अनुभव मोठा आहे पण मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. हे सगळं जपायचं कुणी? बीबीएस बंद पडलं की एक दिवस फोन लागायचा नाही, संपलं, त्यातलं सगळं गेलं, कुठल्या लायब्ररीत नाही, कुठल्या कंपनीकडं नाही, जे काही उरलंय ते अशा ट्रंकांमधून उरलंय आणि त्या फ्लॉप्यांचं आयुष्य पण संपत आलंय, आज कॉपी केली नाही तर पाच वर्षांनी वाचता येणार नाही. त्या काळातले लोक काय बघत होते, कशासाठी रात्र रात्र फोन लावत होते हे लपवून इतिहास लिहिला तर तो खोटा होईल. मी म्हणतो चित्रांसकट ठेवा. तीस वर्षांपूर्वीच्या स्कॅनमुळं आज कुणाचं मासिक खपायचं थांबणार आहे? नुकसान कुणाचं ते दाखवा.

---

सातारा_कोर्टरोड

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं सांगते, बाकी मत शेवटी.

तीस वर्षं म्हणजे कॉपीराइटच्या हिशोबात काहीच नाही. अमेरिकेत कंपनीनं पगारावर करून घेतलेलं काम असेल तर प्रसिद्ध झाल्यापासून ९५ वर्षं. आपल्याकडं फोटोला आधी प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटो काढणाऱ्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं. १९९० चं मासिक कुठूनही मोजा, मुदत संपलेली नाही.

"असल्या चित्रांना कसला कॉपीराइट" हे तर तिकडच्या एका अपील कोर्टानं १९७९ मध्येच मोडून काढलंय. एका सिनेमाच्या केसमध्ये चोरून दाखवणारे म्हणाले की सिनेमा अश्लील आहे म्हणून मालकाला हक्क नाही. कोर्ट म्हणालं अश्लील असला तरी तुमची चोरी माफ होत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. आणि तुम्ही सांगलीत बसून साइट काढणार, म्हणजे आपल्या आयटी कायद्याचं ६७ कलम आहेच, अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करणं हा गुन्हा, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. तिथं तुम्ही मालकाची परवानगी आणली तरी उपयोग नाही.

आता ठेवणाऱ्याची जबाबदारी. काकांनी सांगितलेला निकाल फार दिवस तसाच राहिला नाही. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात नेटकॉमच्या केसमध्ये कोर्टानं म्हटलं की नुसती लाइन पुरवणाऱ्याला थेट दोषी धरता येणार नाही, त्यानं स्वतः काही करायला पाहिजे. १९९८ च्या कायद्यात मग तक्रार आल्यावर काढलं तर संरक्षण ही पद्धत आली. पण त्याआधी १९९७ ला ओहायोतल्या एका मोठ्या बीबीएसवाल्याविरुद्ध प्लेबॉयच जिंकलं, कारण तिथले नोकर चढवलेली प्रत्येक फाइल आधी बघायचे आणि मगच सगळ्यांसाठी ठेवायचे. शिवाय एक एमबी चढवली की दीड एमबी जादा उतरवायला मिळायची. काका म्हणतात तो नियमच कोर्टानं त्यांच्याविरुद्ध धरला.

आपल्याकडं २००४ ला बाझी डॉट कॉमच्या प्रकरणात वेबसाइटच्या प्रमुखालाच अटक झाली होती, कुणीतरी परस्पर विकायला ठेवलेल्या अश्लील क्लिपवरून. त्यानंतर आयटी कायद्याचं ७९ कलम बदललं, दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराबाबत वेबसाइटला संरक्षण देणारं. कॉपीराइटमध्ये मायस्पेस या सोशल साइटच्या केसचा दिल्ली हायकोर्टाचा २०१६ चा निकाल आहे, नेमकी माहिती मिळाल्याशिवाय जबाबदारी नाही असा. पण दादा, ही सगळी सवलत दुसऱ्यांनी चढवलेलं ठेवणाऱ्याला आहे. तुमच्या साइटवर तुम्हीच चढवणार आणि तुम्हीच ठेवणार. तुम्हाला ७९ च्या मागं लपता येणार नाही. टाकू नका.

---

राजपथ_फोटोवाला

मिरजकर भाऊ म्हणतात नुकसान दाखवा, मी दाखवतो.

साताऱ्यात आमचा स्टुडिओ आहे, वडिलांपासून. डार्करूममध्ये हात पिवळे करून शिकलोय. २००८ च्या सुमारास कास पठारावर फुलं असताना पहाटे चारला निघून, तीन दिवस धुक्यात बसून एक फोटो मिळाला होता. तो मी एका साइटवर टाकला, कोपऱ्यात बारीक नाव घालून. दिवाळीत एका दुकानाच्या कॅलेंडरवर तोच फोटो! कोपरा कापलेला आणि खाली त्यांच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर. जाब विचारला तर म्हणाले नेटवर होता, फुलं काय तुम्ही लावली का. त्या फ्रेनाचं वाचलं आणि माझ्या पोटात तेच गोळा झालं बघा.

आणि मी कायदा माझ्या सोयीचा सांगत नाही. लग्नाचे फोटो मी काढतो पण पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा त्यावर पहिला हक्क असतो, वेगळं ठरलं नसेल तर, हे मी गिऱ्हाइकाला स्वतः सांगतो. पण कासचा फोटो मला कुणी सांगितला नव्हता, तो माझा.

तुमच्या फ्लॉपीतल्या फोटोमागं पण कुणीतरी लाइट लावलेत, रोल घातलाय, प्रिंट काढलीय. विषय तुम्हाला हलका वाटला म्हणून त्याची मेहनत हलकी होत नाही. लोक मंदिराचा फोटो चोरतात तेव्हा निदान थोडं लाजतात. असला फोटो चोरताना लाजच नसते, कारण ज्याचा आहे तो चारचौघात येऊन माझा आहे म्हणणार नाही असं वाटतं.

---

लेनाची_लॅब

सगळ्यांनी कंपनी, सिसॉप, फोटोग्राफर यांचं बोलून झालं. फोटोत जी बाई आहे तिचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

मी सांगलीतच इंजिनिअरिंग केलं. इमेज प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलला आम्हाला एक फोटो असायचा, टोपी घातलेली, खांद्यावरून मागं बघणारी मुलगी, ५१२ बाय ५१२. त्यावर एज काढा, ब्लर करा, कॉम्प्रेस करा. जर्नलमध्ये मी तो सात-आठ वेळा चिकटवला असेल. वर्गात आम्ही मुली मोजून नऊ. तो फोटो कुठला आहे हे मुलांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. तो नोव्हेंबर १९७२ च्या प्लेबॉयमधल्या मधल्या पानाचा वरचा भाग आहे. कॅलिफोर्नियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये १९७३ मध्ये कुणालातरी स्कॅन करायला चांगला चेहरा हवा होता, मासिक हाताशी होतं, स्कॅन केला, आणि तो जगभर गेला. परवानगी नाही, पैसे नाहीत. म्हणजे बीबीएसच्या आधी हेच प्रोफेसर लोकांनी केलं होतं. १९९१ मध्ये एका जर्नलच्या मुखपृष्ठावर तो आला तेव्हा कुठं प्लेबॉयनं हरकत घेतली आणि पुढं सोडून दिलं, कारण तोपर्यंत फोटो सगळीकडं झाला होता. त्या बाई लेना फोर्सेन, स्वीडनच्या. आपला फोटो या क्षेत्रातून आता निवृत्त व्हावा असं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयईईई कॉम्प्युटर सोसायटीनं (कॉम्प्युटरवाल्यांची जागतिक संघटना) तो असलेले पेपर घेणं बंद केलं. पन्नास वर्षं लागली.

त्यांनी एका मासिकासाठी हो म्हटलं होतं. लॅबसाठी नाही, माझ्या जर्नलसाठी नाही. तुमच्या तीनशे चित्रांतल्या बायका आज साठीच्या असतील, कुणाची आजी असेल. कोर्टात कंपनी जिंकली तेव्हा ती कंपनीच्या हक्कासाठी जिंकली, त्या बायकांना कुणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. इतिहास जपा की, मी कशाला नको म्हणू. पण त्यासाठी चेहरा कशाला लागतो? फाइलचं नाव, तारीख, साइज, कुठल्या बीबीएसवरून आली, एवढं टाकलं तरी कळतं लोक काय उतरवत होते.

---

थेट_मिरजेतून

ताई, हे शेवटचं मला सुचलं नव्हतं. यादी टाकायची, चित्र नाही. फाइलच्या नावातूनच बरंच कळतं, आणि त्या जीआयएफच्या आत कुणी कमेंट लिहिलेली असेल तर ती पण काढता येते, त्यात स्कॅन करणाऱ्याचं टोपणनाव असायचं. नुकसान विचारलं ते मात्र मी उगाच ताणलं, फोटोवाले दादांचं बरोबर आहे.

पण एक मुद्दा सोडत नाही, मूळ फ्लॉप्या फेकू नका. कॉपी करून घरात ठेवा. आज दाखवता येत नाही म्हणून नष्ट करायचं हे मला पटत नाही.

---

जुना_मोडेम

फ्लॉप्या कोरड्या जागी ठेवा, स्पीकर आणि चुंबकापासून लांब. बुरशी धरलेली असेल तर ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि मग चांगल्या फ्लॉप्या पण ओरखडते.

---

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे आभार. काल रात्री मामांना फोन लावून विचारलं की यातली चित्रं तुम्ही चढवलेली किती. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले चाळीसएक असतील, उतरवण्याची मर्यादा वाढवून घ्यायला. लायब्ररीतून टाकून दिलेली मासिकं मिळायची म्हणाले, आणि तेव्हा त्या बायकांचा विचार कधी मनात आला नाही.

चित्रं साइटवर जाणार नाहीत. यादी जाईल, ताईंनी सांगितली तशी. मेनू आणि अक्षरचित्रं पण कुणीतरी काढलेलीच आहेत हे फोटोवाले दादांमुळं लक्षात आलं, तिथं ज्यांची टोपणनावं आहेत ती तशीच ठेवून शोधायचा प्रयत्न करतो. मामांनी एका सिसॉपचं नाव सांगितलंय, त्यांना ईमेल लिहायला घेतलाय. वकील ताई, त्या भांडणाच्या टेक्स्ट फाइलचं काय? त्यात लोकांची खरी नावं आहेत, काही फोन नंबर पण आहेत. ती तरी टाकता येईल का, नावं काढून?

---

सातारा_कोर्टरोड

नावं आणि नंबर आधी काढा, मग मला पाठवा, बघते. पत्राचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, मिळालेल्याचा नाही. तुम्ही तुमच्या शब्दांत सारांश लिहून त्यातल्या दोनचार ओळी दिल्या तर अडचण कमी.