पोन्तीच्या १.७ किलोच्या खुर्चीचं एवढं कौतुक कशाला?

कडवट_सुतार: परवा इथे कुणीतरी लिहिलं की जिओ पोन्ती या इटालियन आर्किटेक्टच्या सुपरलेज्जेरा खुर्चीपुढे जगातल्या बाकी खुर्च्या पाणी भरतात, आणि आपल्याकडे कुणाला डिझाइन कळत नाही. डोकंच फिरलं. अहो, इटलीतल्या कियावारी गावात १८०७ पासून तशाच हलक्या खुर्च्या होतायत, देस्काल्झी नावाच्या कारागिराने सुरू केलेल्या. पोन्तीने ती तासली, १९५७ ला कासिना या फर्निचर कंपनीने बाजारात आणली, आणि नाव कुणाचं? आर्किटेक्टचं! माझे वडील जन्मभर रंधा मारत होते, एका बंगल्याच्या फोटोखाली त्यांचं नाव आलेलं पाहिलं नाही.

तिरपा_पाय: "तासली" म्हणे. तासून दाखवा ना राव! पाय त्रिकोणी, जाडी १८ मिलिमीटर, पोरगं एका बोटाने उचलेल आणि वर धडधाकट माणूस बसेल. त्याचीच आधीची १९५२ ची लेज्जेरा खुर्ची चांगली चालली होती तरी गडी थांबला नाही. आणि कियावारीवरून केली हे त्याने लपवलं कुठे?

वेताळ: तुमचं चालू द्या. पण तिचं बूड वेताचं, ते फाटलं की विणणार कोण? आमच्या आजोबांच्या खुर्चीला विणणारे काका दारावर यायचे, वेत बादलीत भिजत घालून ओट्यावर बसायचे, आम्ही पोरं उरलेल्या काड्यांच्या तलवारी करायचो. गेल्या वर्षी एकाकडे दिली, तर पठ्ठ्याने प्लास्टिकची पट्टी ताणून बसवली आणि म्हणतो "दिसायला सेमच".

मधलीसुट्टी: सेम टू सेम किस्सा!! आमच्या चार खुर्च्या, दोन महिन्यांनी बसल्यावर कुरकुर. प्लास्टिक उन्हाळ्यात चिकटतं ते वेगळंच.

तिरपा_पाय: धागा पोन्तीचा आहे की बुडाचा?

वेताळ: बूड नसेल तर तुमचा पोन्ती बसणार कशावर?

कडवट_सुतार: आणि तो मिलानचा पिरेल्ली टॉवर, १२७ मीटर, तोही म्हणे पोन्तीचा. सांगाडा उभा राहिला नेर्वी या इंजिनिअरच्या हिशेबावर, त्याचं नाव किती जण घेतात?

तिरपा_पाय: मी घेतो! तुमच्या वडिलांचा राग १९७९ साली वारलेल्या माणसावर काढू नका.

कडवट_सुतार: वडिलांना मध्ये आणायचं काम नाही.

तिरपा_पाय: तुम्हीच आणलंत. बरं, चुकलं माझं.

कडवट_सुतार: ठीक. पाय जमलेत त्याचे, एवढं देतो. १८ मिलिमीटरात सांधा बसवायचा म्हणजे हात पाहिजे, आणि तो हात पोन्तीचा नव्हता.

वेताळ: वेत विणणारं कुणी माहीत असेल तर कळवा हो, खुर्ची माळ्यावर पडून आहे.