मदत हवी आहे: बाबांचं हळू चालणं वयामुळे की आणखी काही?

नमस्कार मंडळी, बाबा ७६ वर्षांचे आहेत आणि हल्ली त्यांची चाल खूप मंदावलीये, पावलं छोटी पडतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो आणि चालताना कोणी बोललं की ते थांबून मग उत्तर देतात. डॉक्टर म्हणाले वय झालंय, पण माझं मन काही मानत नाही.

मी वाचलं त्यावरून वयानुसार स्नायू कमी होतात, नसांमधून संदेश जायचा वेग थोडा घटतो, पायाच्या बोटांची संवेदना कमी होते, मेंदूतलं डोपामिनही (हालचालींसाठी लागणारं रसायन) घटतं, म्हणजे थोडा संथपणा नॉर्मलच. पण तो दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो ना? पार्किन्सनमध्ये (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) सुरुवात बहुतेक एका बाजूने होते, हात स्वस्थ असताना थरथरतो, चालताना एक हात कमी हलतो असं म्हणतात. बाबांना थरथर नाहीये पण उजवा हात कमी हलतो असं मला वाटतं, आता ते जुन्या खांदेदुखीमुळे असेल तर माहीत नाही.

खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायची टेस्ट घरी केली तर १२ सेकंदांच्या वर लागतात, म्हणजे पडायचा धोका आहे, ही काळजी सगळ्यात जास्त वाटते.

कोणाच्या घरी असं झालंय का, थेट न्यूरोलॉजिस्टकडे जाऊ की आधी फिजिओथेरपी सुरू करू? बी१२ आणि थायरॉईड तपासून घ्यावं का? बॅलन्सचे कुठले व्यायाम खरंच उपयोगी पडले तेही प्लीज सांगा.