'सिंगिन इन द रेन'चा पाऊस: दूध, दिवे आणि टॅपचा आवाज

पागोळी (धागाकर्ता)

'सिंगिन इन द रेन' (1952) या हॉलिवूडपटातलं नट-नर्तक जीन केलीचं ते पावसातलं गाणं सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. त्याच्याबद्दल तीन गोष्टी सतत कानावर येतात: पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध कालवलं होतं, सगळं एका टेकमध्ये झालं, आणि टॅपचा (बुटाच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून करतात त्या नाचाचा) आवाज तिथेच जागेवर ध्वनिमुद्रित केला. यातलं खरं किती?

विचारण्याचं कारण असं की साधारण चार मिनिटांचं पावसातलं नृत्यगीत चित्रित करायचं आहे. जागा 8 मीटर बाय 5 मीटर, रात्रीचा प्रसंग, एक नर्तक, एक कॅमेरा, सेकंदाला 24 फ्रेमचा वेग. गाणं आधीच तयार आहे. पाणी किती लागेल, दिवे कुठे ठेवायचे आणि पावलांचा आवाज कसा मिळवायचा, हे कोणी नीट सांगू शकेल का?

आणखी एक. एवढं गाजलेलं गाणं, मग त्याला ऑस्कर कसं नाही?

---

रीळमास्तर

दुधाची गोष्ट खोटी आहे. सहदिग्दर्शक स्टॅनली डोननने ती साफ नाकारली होती. पाऊस दिसतो तो हॅरॉल्ड रॉसनच्या प्रकाशयोजनेमुळे. दिवे पावसाच्या मागे आहेत, तोंड कॅमेऱ्याकडे. थेंब पारदर्शक असतो. समोरून प्रकाश टाकला की तो आरपार जातो आणि थेंब दिसेनासा होतो. मागून टाकला की थेंबाची कड चमकते. त्यामागे काळोखी पार्श्वभूमी असेल तर प्रत्येक रेघ सुटी उठून दिसते. एवढं जमलं की साधं नळाचं पाणी पुरतं.

आणि समजा कोणी खरंच दूध घातलं, तर काय होईल? फवाऱ्याची भोकं बुजतील, फरशीवर चिकट थर बसून नर्तक घसरेल, आणि गरम दिव्यांखाली दोन तासांत तिथे उभं राहवणार नाही. पांढुरका रंग हवाच असेल तर दिवा हलवा, पाण्याला हात लावू नका.

मूळ चित्रीकरण एमजीएम स्टुडिओच्या कल्व्हर सिटीतल्या आवारात, बाहेरच्या रस्त्याच्या सेटवर झालं, तेही दिवसा. वरून काळं ताडपत्रीसारखं आच्छादन घालून रात्र केली होती. आत कोंडलेली हवा, वर टेक्निकलरला (तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीला) लागणारा भरमसाट उजेड, अंगावर ओला लोकरी सूट, आणि केलीला 103 अंश फॅरनहाइट ताप. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पाहताना हे आठवलं की जरा गंमतच वाटते. पाण्याचा दाबही दगा द्यायचा, कारण संध्याकाळ होत आली की आसपासचे रहिवासी आपापल्या हिरवळीवर फवारे सोडायचे आणि सेटवरचा पाऊस बारीक व्हायचा.

तुमच्यासाठी धडा तिथेच आहे: थेट नळाच्या जोडणीवर भिस्त ठेवू नका, स्वतःची टाकी आणि पंप ठेवा. हिशेब असा. तुमची जागा 40 चौरस मीटर. खऱ्या जोरदार पावसाचा वेग ताशी 50 मिलिमीटर धरला तर ताशी 2,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 33 लिटर. कॅमेऱ्यात तेवढा पाऊस रिमझिम वाटतो. तीन-चार पट धरा: मिनिटाला 100 ते 130 लिटर. चार मिनिटांच्या एका टेकला 400 ते 520 लिटर, शिवाय टेकच्या आधी पाऊस स्थिरावायला अर्धा मिनिट. दहा टेकचं पाणी एकदम साठवू नका. खाली गोळा करा, जाळीतून गाळा, पुन्हा वर चढवा. गाळलं नाही तर तिसऱ्या टेकपासून भोकं तुंबायला लागतात आणि पावसात मोकळे पट्टे पडतात.

फवाऱ्याचं तोंड मोठ्या थेंबाचं घ्या. बागेतल्या बारीक फवाऱ्याने धुकं तयार होतं, ते मागच्या प्रकाशात नुसतं पांढरं दिसतं आणि चित्राचा सगळा काळेपणा खाऊन टाकतं. नळ्या किमान 5 मीटर उंचीवर हव्यात. कमी उंचीवरून पडणारा थेंब वेग घेत नाही, त्याची रेघ आखूड येते आणि पाऊस खोटा वाटतो. शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडतो ते ठरवणारं) 180 अंशांवर राहू द्या. ते कमी केलंत तर रेघांचे ठिपके होतात. युद्धाच्या दृश्याला ते शोभेल, आनंदाच्या गाण्याला नाही.

विजेबाबत चालढकल नको. प्रत्येक लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), सगळे जोड जमिनीपासून वर टांगलेले, आणि दिवे पावसाच्या पट्ट्याबाहेर. गरम काचेवर एक थेंब पडला तरी काच तडकते.

---

लयकारी

आवाजाचं मी सांगतो. टॅपचा आवाज जागेवरचा नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गाणं आधी ध्वनिमुद्रित झालं, चित्रीकरण प्लेबॅकवर (तेच ध्वनिमुद्रण सेटवर वाजवून) झालं आणि पावलांचे आवाज नंतर वेगळे भरले गेले. डबिंगची फजिती हाच ज्या सिनेमाचा विषय, त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध नाचातली पावलंही डबच केलेली!

दुसरा मार्गही नव्हता. पावसाच्या आवाजात टॅप ऐकूच येत नाही, आणि ओल्या जमिनीवर धातूची पट्टी 'टक्' न वाजता 'थप्' वाजते. शिवाय घसरते. म्हणून चित्रीकरणात पट्ट्या काढून तळाला पातळ रबर लावा. बुटांचे किमान तीन जोड ठेवा, कारण चामड्याचा तळ पाणी पिऊन फुगतो आणि पायाची पकड बदलते.

आता लय. 24 फ्रेमच्या वेगाला 120 ची लय (मिनिटाला 120 मात्रा) असेल तर एका मात्रेला बरोबर 12 फ्रेम पडतात. संकलकाचं निम्मं काम तिथेच सोपं होतं. 25 वर तेच 12.5 होतं आणि प्रत्येक दुसरा काप अर्ध्या फ्रेमने लटकतो. हॉलिवूडच्या संगीत विभागांत क्लिकचं (वादकांना ताल देणाऱ्या ठोक्याचं) माप फ्रेम आणि फ्रेमचे आठवे भाग यांतच सांगत, ते याच सोयीसाठी. तुमच्या गाण्याची लय 118 किंवा 122 असेल आणि अजून बदलता येत असेल, तर 120 करून टाका.

प्लेबॅकचा स्पीकर कुठे ठेवता त्यावर बरंच अवलंबून आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. स्पीकर 30 मीटरवर ठेवलात तर नर्तकाला ताल 87 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे दोन फ्रेमहून किंचित जास्त. नर्तक बिचारा अचूक नाचतो आणि पडद्यावर मागे पडलेला दिसतो. स्पीकर 8-10 मीटरच्या आत, झाकून ठेवा. त्याच्या आवाजातले मधले स्वर वाढवा, कारण पावसाची सळसळ वरचे स्वर गिळते. गाण्याआधी दोन मात्रांचे मोकळे ठोके हवेतच.

पावलांसाठी नंतर तीन वेगवेगळे ट्रॅक करा: कोरड्या फळीवरचा टॅप, पाण्याचा छपाका, आणि छत्री-कपड्यांची सळसळ. छपाक्यासाठी पसरट ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घ्या आणि ट्रेखाली जाड टॉवेल घाला, नाहीतर पत्रा वाजतो. इथे नेहमी एक चूक होते. छपाक्याचा सगळ्यात मोठा आवाज मात्रेवर बसवतात. प्रत्यक्षात पाय आधी टेकतो, पाणी दोन-तीन फ्रेमनंतर उडतं. टॅप मात्रेवर ठेवा, छपाका मागे राहू द्या. दोन्ही एकदम वाजले तर पाय कागदावर आपटल्यासारखा वाटतो.

---

पागोळी

दोघांचेही आभार. 120 लय शक्य आहे. डबक्यांचं काय? जमीन सपाट आहे, पाणी साचतच नाही.

---

रीळमास्तर

केलीच्या सेटवरही साचत नव्हतं. म्हणून नाचाच्या आराखड्याप्रमाणे फुटपाथ आणि रस्त्यात मुद्दाम खळगे खणले होते. आधी पावलं ठरली, मग खड्डे. तुम्हाला खणता येत नसेल तर प्लायचा चौथरा करून त्यात उथळ खाचे ठेवा. खोली 3-4 सेंटिमीटर. 6 च्या वर गेलात तर पाणी पाय धरून ठेवतं आणि पुढची मात्रा चुकते. तळ काळा आणि खरखरीत (रंगात बारीक वाळू मिसळा). कडा उतरत्या ठेवा, उभी कड अंधारात दिसत नाही आणि घोटा मुरगळतो. छपाका जोरात हवा असेल तर सपाट तळवा आपटायचा. टाच आधी टेकली तर पाणी नुसतं बाजूला सरतं. प्रत्येक टेकनंतर खाच्यात पाणी पुन्हा भरायला एक माणूस नेमून द्या.

लोकरी सूट भिजून आटतो, केलीचाही आटत होता म्हणतात. मिश्र धाग्याचं कापड घ्या, दोन मापं सैल, किमान दोन नग.

---

चौथीसीट

एका टेकचं राहिलंच. ते गाणं दहाच्या आसपास शॉटमध्ये आहे, मोजून बघा. एकसंध वाटतं कारण काप हालचालीच्या मध्यावर आहेत आणि कॅमेरा क्रेनवरून केलीच्या मागोमाग पुढे-मागे जात राहतो. छत्री उघडून तो रस्त्याच्या मध्यावर गोल फिरतो, तिथे वाद्यवृंद फुलतो आणि नेमका तेव्हाच कॅमेरा मागे आणि वर जातो. सगळं गाणं त्या एका क्षणासाठी राखून ठेवलेलं आहे. तुमच्या 8 मीटरमध्ये क्रेन मावणार नाही, पण ती मोठी हालचाल एकदाच वापरायची, हे तत्त्व ट्रॉलीवरही पाळता येईल.

---

जुनी तबकडी

ऑस्करचं उत्तर सोपं आहे: गाणं त्या सिनेमासाठी लिहिलेलंच नव्हतं. शब्द आर्थर फ्रीडचे, संगीत नेसियो हर्ब ब्राउनचं, आणि पडद्यावर ते 'द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ 1929'मध्ये क्लिफ एडवर्ड्सने गायलं. 1940 मध्ये 'लिट्ल नेली केली'त ज्युडी गार्लंडनेही गायलं. फ्रीड पुढे एमजीएममध्ये निर्माता झाला. बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन या लेखकांना त्याने आपली आणि ब्राउनची जुनी गाणी दिली आणि त्यांच्याभोवती कथा रचायला सांगितलं. दोघांनी डोकं चालवलं: गाणी ज्या काळातली, कथाही त्याच काळातली, मूकपट संपून बोलपट आले तेव्हाची.

गाण्याचा पुरस्कार नव्या गाण्यालाच द्यायचा हा नियम 1941 च्या 'लेडी बी गुड'नंतर आला. त्यातल्या आधीच प्रसिद्ध झालेल्या गाण्याला पुरस्कार मिळाला आणि खुद्द संगीतकार जेरोम कर्नलाच ते पटलं नाही. म्हणजे 1952 मध्ये हे गाणं स्पर्धेतच नव्हतं. सिनेमाला दोन नामांकनं मिळाली, जीन हेगनला सहायक अभिनेत्रीचं आणि लेनी हेटनला संगीताचं. पुरस्कार एकही नाही.

त्यात वेळ अशी की केलीच्याच 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'ला मार्च 1952 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि त्याच महिन्यात हा प्रदर्शित झाला. सिनेमा चांगला चालला, पण थोरवी नंतर आली. 1971 मध्ये दिग्दर्शक कुब्रिकच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'ने हेच गाणं हिंसेच्या प्रसंगात वापरून लोकांच्या अंगावर काटा आणला. 1974 च्या 'दॅट्स एंटरटेनमेंट!'ने ते नव्या पिढीपुढे ठेवलं. 2004 च्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर गाण्यांच्या यादीत ते तिसरं आहे.

संगीतात लक्ष देण्यासारखी एक जागा: शब्द सुरू होण्याआधी केली जे 'डू-डी-डू' गुणगुणतो, ते 1929 च्या गाण्यात नाही. ती एमजीएमच्या संगीतकार रॉजर ईडन्सची भर. नायक चालत चालत गाण्यात कसा शिरणार, हा पेच होता. मूळ गाण्याला आरंभीचं कडवं होतं, ते वापरलं असतं तर त्याला थांबून गायला लागलं असतं. कडवं गाळलं, गुणगुण घातली, आणि चाल न मोडता तो ध्रुवपदावर आला.

---

पागोळी

आमच्या गाण्यात नर्तक दारातून बाहेर येतो आणि थेट पहिला शब्द गातो. तिथे अडखळल्यासारखं वाटतं खरं. आठ मात्रांची गुणगुण टाकली तर?

---

लयकारी

टाका, पण शब्द नकोत, फक्त स्वर. 120 च्या लयीत आठ मात्रा म्हणजे 4 सेकंद, 96 फ्रेम. तेवढ्यात माणूस दारापासून सहज आठ पावलं येतो, मात्रेला एक. पहिल्या चार पावलांना साधं चालू द्या, पाचव्यापासून ताल धरू द्या. वाद्यांतही पहिल्या चार मात्रा फक्त तालाचा ठेका ठेवा, तंतुवाद्यं पाचवीपासून. आणि पाऊस त्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतोय ना ते आधी तपासा. बहुतेक वेळा नळी मधोमध लावलेली असते आणि नर्तक पहिली तीन पावलं कोरडाच चालतो.